फिशटँक गळला तर?

मुलांच्या हौसेखातर दिवाणखान्यात फिशटँक येतो, घराला शोभाही येते. पण तो कधी गळेल, हे कुणाच्या ध्यानीमनी नसतं. मागे एकदा शाळेतून येऊन पाहते तो काय, सतरंजी चिंब! मी आपली पोतेरं घेऊन पुसत बसले आणि तिथंच चुकले. २ फूट लांब, १ फूट रुंद नि १ फूट उंच टँकमध्ये ५० लिटरच्या वर पाणी मावतं. पुसून ते कसं आटोपणार?

आधी मेन स्विच बंद करा, तोही कोरड्या जागी उभं राहून. ओल्या हातानं प्लग उपसू नका. टँकमधलंच पाणी बादलीत घेऊन त्यात मासे सोडा. नळाच्या ताज्या पाण्यातलं क्लोरीन त्यांना सोसत नाही. उरलेलं पाणी रबरी नळीनं काढून टाका.

आणि लगेच खालच्या बिऱ्हाडी सांगून या. मी संकोचानं गेले नाही. दुसऱ्या दिवशी खालच्या काकूच वर आल्या. छत ठिबकून त्यांच्या माळ्यावरचं गाठोडं भिजलं होतं. त्यात त्यांच्या लग्नातला शालू! “काल सांगितलं असतंस, तर गाठोडं तेवढं खाली काढलं असतं गं,” एवढंच म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आता वाळवण्याचं. एक-दोन दिवसांत घर कोरडं झालं नाही, तर बुरशी धरते. कपाट भिंतीपासून ओढून विटांवर ठेवा, कारण प्लायवुड पाणी पिऊन फुगतं. गाद्या उलटून-पालटून उन्हात घाला. पुस्तकांच्या पानांत टिपकागद ठेवा. खिडक्या उघड्या, पंखा चालू. भिंतीला पांढरा लोणा आला, तर कोरड्या ब्रशनं झाडा. रंगाची घाई मात्र नको. ओल आत कोंडली, की पोपडे सुटतात.

टँकचा सांधा भरताना जुनं सिलिकॉन ब्लेडनं पुरतं खरवडा. नवं सिलिकॉन फिशटँकसाठीचंच घ्या. बुरशीनाशक घातलेलं माशांना घातक असतं. ते पुरतं वाळल्यावर टँक गच्चीत दिवसभर भरून पाहा, मगच घरात आणा. खालचं टेबल भक्कम नि सपाट हवं.

आमचा टँक पुन्हा जागेवर आला. शालूवरचे डाग मात्र ड्रायक्लीनिंगनंही गेले नाहीत. म्हणून सांगते, पोतेरं हातात घेण्याआधी जिना उतरा.