सुई कोणाची, जखम कोणाला?

रुग्णालयाची पायरी मनुष्य चढतो तो व्याधिमुक्तीच्या आशेने. परंतु तीच वास्तू रक्ताने भिजलेला कापूस, वापरलेल्या सुया, सलाइनच्या नळ्या ह्यांच्या रूपाने व्याधीचे बीज नित्य बाहेर टाकीत असते. ह्या कचऱ्याच्या विल्हेवाटीचे नियम आपल्या देशात १९९८ सालीच झाले व २०१६ साली ते अधिक कडक करण्यात आले. मळलेल्या कापसास पिवळी पिशवी, नळ्यांस लाल, सुयांस न भोसकणारे पांढरे पात्र आणि काचेस निळे, अशी ही व्यवस्था आहे. तेव्हा उणीव नियमांची नाही; उणीव आहे ती समजुतीची.

भिंतीवर तक्ता टांगला की ज्ञान पोहोचले, असे मानण्याची आपली जुनी खोड आहे. रंग पाठ असणे निराळे आणि त्यामागचे कारण उमगणे निराळे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते रुग्णालयातील सुमारे ८५ टक्के कचरा घरच्या केराइतकाच निरुपद्रवी असतो. उरलेला १५ टक्के त्यात मिसळला, की सारा ढीगच घातक होतो. म्हणूनच वर्गवारी रुग्णाच्या खाटेपाशीच व्हावी, असा दंडक आहे. आणि खाटेपाशी सुई हाती असते ती डॉक्टरांच्या व परिचारिकांच्या. सफाई कामगाराच्या नव्हे.

खरा अन्याय येथेच आहे. सुई भलत्या पिशवीत टाकणारा हात एकाचा, आणि ती पिशवी उचलताना रक्तबंबाळ होणारा हात दुसऱ्याचा! लस न घेतलेल्या माणसास दूषित सुई टोचली, तर ‘बी’ काविळीची बाधा होण्याचा संभव शंभरांत तीसपर्यंत असू शकतो. एचआयव्हीचा संभव पुष्कळच कमी. तथापि प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते. नोकरी जाईल ह्या भयाने ज्याने जखम लपविली, त्याचे हे तास फुकट जातात.

हा प्रश्न केवळ कामगारांचा आहे, असेही कोणी समजू नये. गुजरातेत मोडासा येथे २००९ साली ‘बी’ काविळीच्या साथीने अनेकांचे बळी घेतले. वापरलेल्या सुया पुन्हा टोचल्या गेल्या, हे तिचे कारण होते. नष्ट न केलेली सुई आपल्याच दंडापर्यंत परत येते, ती अशी.

कर्मचाऱ्यांस रुजू होताना व पुढे दरवर्षी शिक्षण द्यावे, कचरा हाताळणाऱ्यांस ‘बी’ काविळीची व धनुर्वाताची लस टोचावी, हे नियमांतच लिहिलेले आहे. ह्यातून कंत्राटी कामगार वगळला जाऊ नये. शिक्षण त्याला समजेल अशा भाषेत व्हावे. सुई टोचल्याची वर्दी देणाऱ्यास दंड नव्हे, तत्काळ उपचार मिळावा. आणि त्या वर्गात ज्येष्ठ डॉक्टरांनीही त्याच बाकावर बसावे. ज्यांच्या हातून चूक घडते त्यांना धडा माफ आणि जे तिचे फळ भोगतात त्यांनाच तो सक्तीचा, ही रीत शहाण्या समाजाला शोभणारी नाही.