आकाशाची नोंदवही कोणाच्या हाती?

यवतमाळ जिल्ह्याच्या वणी तालुक्यातील राजूर हे कोळशाचे गाव. वर्धा नदीच्या खोऱ्यातील या पट्ट्यात जमिनीखाली कोळसा किती खोल आहे, त्याचा थर किती जाड आहे, याची नोंद आधी कागदावर होते. खाण त्यानंतर उघडते. आपल्या देशात ही नोंद पद्धतशीरपणे ठेवणारी संस्था इंग्रजांनी १८५१ मध्ये स्थापन केली, आणि तिचे पहिले मोठे काम कोळसा शोधण्याचे होते. भूमी आपली, घाम आपल्या माणसांचा, पण नकाशा परक्याचा. ज्याच्या हाती नकाशा, त्याच्याच हाती पुढचे सारे निर्णय गेले, हा इतिहास राजूरच्या माणसाला निराळा समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

अशीच एक नोंदवही गेली साठ वर्षे आकाशाची लिहिली जात आहे, आणि तिच्याकडे आपल्या समाजाचे फारसे लक्ष नाही. ही नोंदवही डोळ्यांना दिसणाऱ्या ताऱ्यांची नव्हे. ती आहे क्ष-किरण आणि गॅमा किरण फेकणाऱ्या उगमांची: जवळच्या ताऱ्याचे द्रव्य ओढून घेणारी कृष्णविवरे, सेकंदाला अनेक गिरक्या घेणारे न्यूट्रॉन तारे, दूरच्या दीर्घिकांची धगधगती केंद्रे. हे किरण पृथ्वीचे वातावरण अडवते. ते अडवते म्हणूनच आपण जिवंत आहोत, हे खरे. परंतु त्यामुळे हे आकाश पाहायचे तर बलून, अग्निबाण किंवा उपग्रह यांना पर्याय नाही. ज्या देशाला वातावरणाच्या वर जाता येते, तोच या वहीत लिहू शकतो.

१८ जून १९६२ रोजी अमेरिकेतून उडालेल्या एका अग्निबाणाने वृश्चिक राशीच्या दिशेने येणारे प्रखर क्ष-किरण टिपले. सूर्यमालेबाहेरचा हा पहिला ज्ञात क्ष-किरण उगम. तो प्रयोग करणारे रिकार्डो जियाकोनी यांना चाळीस वर्षांनी, २००२ मध्ये, नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे १२ डिसेंबर १९७० रोजी अमेरिकेचा पहिला क्ष-किरण उपग्रह केनियाच्या किनाऱ्याजवळील तळावरून सोडण्यात आला. तो दिवस केनियाचा स्वातंत्र्यदिन होता, म्हणून उपग्रहाचे नाव ठेवले ‘उहुरू’. स्वाहिली भाषेत त्याचा अर्थ स्वातंत्र्य. नाव केनियाच्या स्वातंत्र्याचे, सूची मात्र अमेरिकेची! त्या सूचीच्या चौथ्या आवृत्तीत ३३९ उगम होते. गॅमा किरणांची वही त्याहून हळू भरली. युरोपच्या ‘कॉस-बी’ उपग्रहाच्या १९८१ च्या सूचीत अवघे २५ उगम होते, अमेरिकेच्या ‘एग्रेट’ दुर्बिणीच्या १९९९ च्या सूचीत २७१, आणि २००८ मध्ये सोडलेल्या ‘फर्मी’ दुर्बिणीच्या सूचीने आज सात हजारांचा टप्पा ओलांडला आहे.

वहीत नोंद करणाऱ्याचे नावही कायम राहते, ही गोष्ट मुद्दाम लक्षात घेण्याजोगी आहे. ‘४यू ०११५+६३’ हे एका क्ष-किरण उगमाचे नाव. त्यातले आकडे म्हणजे आकाशातील पत्ता आणि ‘४यू’ म्हणजे उहुरूची चौथी सूची. या उगमाचा अभ्यास उद्या पुण्यातील किंवा मुंबईतील शास्त्रज्ञाने भारतीय उपग्रहावरून केला, तरी नाव तेच लिहावे लागते. त्यात कोणी कोणावर अन्याय केलेला नाही. ज्याने आधी पाहिले आणि लिहून ठेवले, त्याचा तो अधिकार आहे.

पण हा प्रश्न केवळ नावाचा राहिलेला नाही. २०१९ मध्ये रशिया व जर्मनी यांनी मिळून एक वेधशाळा अवकाशात पाठवली. तिच्यावरील ‘ई-रोसिटा’ या जर्मन क्ष-किरण दुर्बिणीने आकाश पाहावे, आणि त्या माहितीचा अर्धा भाग जर्मनीने तर अर्धा रशियाने घ्यावा, असा करार होता. अक्षरशः आकाशाची वाटणी! फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण झाले आणि जर्मनांनी आपली दुर्बीण निद्रिस्त अवस्थेत ठेवली. ३१ जानेवारी २०२४ रोजी जर्मनीने आपल्या वाट्याच्या अर्ध्या आकाशाची सूची प्रसिद्ध केली. केवळ पहिल्या सहा महिन्यांच्या पाहणीतून तिच्यात सुमारे नऊ लाख उगम नोंदले गेले आहेत. विज्ञानाला सीमा नसतात, हे वाक्य सभासमारंभांत शोभते. दुर्बिणी मात्र कोणत्या ना कोणत्या देशाच्या असतात.

येथे आपल्या परंपरेविषयी एक गोष्ट स्पष्टपणे बोलावी लागेल. ग्रहगणितात या भूमीने जे काम केले, त्याचा अभिमान बाळगण्यात काहीच वावगे नाही. परंतु गणित करणे वेगळे आणि अनपेक्षित घटनेची तारीखवार नोंद ठेवणे वेगळे. ४ जुलै १०५४ या दिवशी वृषभ राशीत एक नवा तारा प्रकटला. चीनच्या दरबारी ज्योतिषांनी तो लिहून ठेवला, तो २३ दिवस भर दिवसा दिसत होता हेही लिहिले. त्या स्फोटाचे अवशेष म्हणजे आजचा खेकडा तेजोमेघ. त्याच्या मध्यभागी असलेला न्यूट्रॉन तारा सेकंदाला सुमारे तीस वेळा फिरतो, आणि तेथून येणारे क्ष-किरण इतके स्थिर व प्रखर आहेत की इतर उगमांची प्रखरता ‘इतके क्रॅब’ अशीच मोजण्याची रीत पडली. हा तारा भारतातून दिसलाच असणार. डॉ. जयंत नारळीकर आणि संस्कृत विदुषी डॉ. सरोजा भाटे यांनी आपल्या प्राचीन वाङ्मयात अशा ताऱ्यांच्या नोंदींचा शोध घेतला. त्याविषयीचा त्यांचा लेख २००१ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. निर्विवाद म्हणता येईल अशी नोंद हाती आली नाही. ज्यांना आपल्या वारशाविषयी खरी आस्था आहे, त्यांनीच असा शोध घ्यावा आणि त्याचा निष्कर्ष जसाच्या तसा सांगावा, यात त्या दोघांची थोरवी आहे.

आधुनिक काळात मात्र आपण हा धडा उशिरा का होईना, गिरवला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये हैदराबादहून बलून सोडून वृश्चिकेतील त्याच उगमाचे वेध घेतले. १९७५ च्या ‘आर्यभट्ट’ उपग्रहावर क्ष-किरणांचा प्रयोग होता, पण वीजपुरवठ्यातील बिघाडामुळे तो काही दिवसांतच थांबला. त्यानंतर चाळीस वर्षांनी, २८ सप्टेंबर २०१५ रोजी, श्रीहरिकोटाहून ‘ॲस्ट्रोसॅट’ झेपावला. भारताची ही पहिली पूर्ण वेधशाळा. तिच्यावरील एका उपकरणाची कथा विशेष सांगण्यासारखी आहे.

कॅडमियम, झिंक आणि टेल्युरियम यांच्या संयुगाचे ६४ तुकडे, त्यांत मिळून १६ हजारांहून अधिक बिंदू, आणि वर एक नक्षीदार छिद्रांची पट्टी, असे हे उपकरण. क्ष-किरण भिंगाने एकवटता येत नाहीत. म्हणून पट्टीच्या सावलीवरून उगमाची दिशा काढायची, ही युक्ती. त्याच्या उभारणीत टाटा संस्थेसह देशातील अनेक संस्थांचा हात होता आणि त्याची माहिती हाताळण्याचे केंद्र नारळीकरांनी उभारलेल्या पुण्याच्या ‘आयुका’त आहे. हे उपकरण समोरच्या आकाशाचा लहानसा तुकडा पाहण्यासाठी बनवले होते. परंतु किरणांची ऊर्जा एका मर्यादेपलीकडे गेली की पट्टी आणि भोवतीच्या भिंती पारदर्शक ठरतात. म्हणजे समोर पाहणारा हा पहारेकरी पाठीमागचेही पाहू लागला. ६ ऑक्टोबर २०१५ रोजी उपकरण चालू झाले आणि त्याच दिवशी त्याने गॅमा किरणांचा एक स्फोट टिपला. असे स्फोट बहुधा नव्या कृष्णविवराच्या जन्माची खूण असतात. २०२२ पर्यंत या नोंदींची संख्या पाचशेवर गेली.

नोंद म्हणजे केवळ संख्या नव्हे, हे २०१७ मध्ये दोनदा दिसले. ४ जानेवारीला गुरुत्वीय लहरी सापडल्या, पाठोपाठ त्याच भागात एक मंदावत जाणारा प्रकाशबिंदू दिसला, आणि दोहोंचा संबंध जोडला जाऊ लागला. भारतीय उपकरणाने दाखवले की सुमारे २१ तासांनंतर एक स्वतंत्र गॅमा स्फोट झाला होता आणि तो प्रकाशबिंदू त्याचा होता. चुकीची सोयरीक वेळीच मोडली. १७ ऑगस्टला दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीचा ऐतिहासिक स्फोट झाला, तेव्हा मात्र ॲस्ट्रोसॅट आणि तो उगम यांच्यामध्ये पृथ्वी होती. आपल्याला काही दिसले नाही. ‘दिसले नाही’ ही नोंदही स्फोटाची दिशा ठरवण्यास उपयोगी पडली. तरीही शतकात क्वचित येणारा क्षण पृथ्वीआड गेला, हे शल्य उरतेच.

त्यावर उपाय मुंबईच्या आयआयटीतील डॉ. वरुण भालेराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुचवला आहे. पृथ्वीच्या दोन विरुद्ध बाजूंना दोन उपग्रह ठेवायचे, म्हणजे आकाशाचा कोणताही कोपरा पृथ्वीआड जाणार नाही. या योजनेचे नाव ‘दक्ष’. संघस्थानावर उभे राहिलेल्या वाचकाला या शब्दाचा अर्थ सांगायला नको! हा प्रस्ताव मांडून काही वर्षे लोटली आहेत. जगात दर काही दिवसांनी कोठे ना कोठे असा स्फोट नोंदला जातो, आणि तो आपल्या निर्णयासाठी थांबत नाही.

पोटापाण्याचे प्रश्न सुटले नसताना हा खर्च कशासाठी, असे विचारले जाईल. प्रश्न अप्रामाणिक नाही. पण ज्या स्फटिकांनी कृष्णविवरांचा जन्म टिपला, तेच स्फटिक हृदयविकाराच्या रुग्णाची तपासणी करणाऱ्या यंत्रांतही वापरले जातात. अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच आहे: ॲस्ट्रोसॅटवरील ते स्फटिक इस्रायलमधील कंपनीकडून आणावे लागले होते. स्वदेशीचा आग्रह धरणाऱ्यांनी कापड आणि साबण यांच्याइतकाच हा स्फटिकही आपल्या यादीत घ्यावा. ‘दक्ष’ला पैसा मिळेल तेव्हा त्यातला काही भाग देशातच स्फटिक वाढवण्यासाठी राखून ठेवावा, अशी मागणी आताच करायला हवी.

दुसरी मागणी शाळा-महाविद्यालयांकडे. ॲस्ट्रोसॅटने जमवलेली माहिती २०१८ पासून टप्प्याटप्प्याने सर्वांना खुली झाली आहे. फर्मीच्या सूचीतील सुमारे तृतीयांश उगम नेमके काय आहेत, हे अद्याप कोणालाही सांगता आलेले नाही. तीही सूची खुलीच आहे. या कामाला संगणक, इंटरनेट, पदवीपुरते भौतिकशास्त्र आणि चिकाटी पुरते. राजूरसारख्या गावात दिव्यांच्या उजेडाने आणि धुळीने रात्रीचे तारे फिके पडत असतील, पण या आकाशाला त्याची बाधा नाही. वणी, यवतमाळ, चंद्रपूर येथील महाविद्यालयांनी दरवर्षी दोन-तीन विद्यार्थ्यांना पुण्याला पाठवून ही माहिती वाचण्याचे प्रशिक्षण द्यावे, आणि परतल्यावर त्यांनी आपल्या धाकट्या वर्गबंधूंना ते मराठीतून शिकवावे. खर्च एका स्नेहसंमेलनाहून अधिक होणार नाही.