गाडी पुन्हा पुन्हा का तापते?

आपल्या वस्त्यांतून आता दारोदार एखादी जुनी मारुती नाहीतर इको उभी दिसते. चांगली गोष्ट आहे. परंतु सेकंडहँड गाडी घेताना घरात जेवढी चर्चा होते, त्याच्या निम्मीही चर्चा ती गाडी चौथ्यांदा गॅरेजात जाते तेव्हा होत नाही. मिस्त्री जो पार्ट सांगेल तो आणायचा, पैसे मोजायचे आणि नशिबाला बोल लावायचा, एवढेच आपण करतो.

आमच्या ओळखीचे एक जोडपे चिपळूणला राहते. दोघे मिळून लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीतील कामगारांना जेवणाचे डबे पुरवतात. बचत गटाचे कर्ज काढून त्यांनी जुनी इको घेतली. महिन्या-दीड महिन्यात गाडी तापू लागली. काटा लाल रेघेवर, सीटखालून वाफ आणि ऐंशी डबे रस्त्यात. (इकोचे इंजिन पुढच्या सीटखाली असते, हे ज्याने उन्हाळ्यात ती चालवली त्याला सांगायला नको.)

पहिल्या खेपेस होजपाइप आणि कूलंट, १,२०० रुपये. दुसऱ्या खेपेस रेडिएटर वरवर धुतला, झाकण बदलले, २,६००. मग वॉटर पंप ३,४००. मग पंख्याची मोटर २,२००. शेवटी हेड गॅस्केट उडाले. हेड उतरवून फेसिंग केले, त्याचे ९,५००. आम्ही पडलो हिशेबाचे माणूस, बेरीज केल्याशिवाय राहवत नाही. १८,९०० रुपये झाले आणि धंद्याचे अकरा दिवस बुडाले. गॅस्केट बसवून तीन आठवडे झाले नाहीत तोच गाडी पुन्हा तापली.

आता गाडी भंगारात द्यावी, या मतावर नवरा आला होता. पण बाईंची एक सवय कामी आली. डब्यांच्या हिशेबाच्या वहीत त्या रोजच्या अडचणीही टिपून ठेवतात. कोणत्या दिवशी उशीर झाला, का झाला, गाडी कुठे बंद पडली. ती वही घेऊन त्या दुसऱ्या एका वयस्कर मेकॅनिककडे गेल्या. त्याने गाडीला हात लावण्याआधी विचारले, "वहिनी, तापते कधी? उभी असताना की चालताना?" वहीत सगळे होते. तापली ती प्रत्येक वेळी सकाळी, भरलेल्या डब्यांसह परशुराम घाट चढताना. कंपनीच्या गेटवर इंजिन चालू ठेवून दहा-दहा मिनिटे उभी राहिली तरी तापली नाही. परतीला, रिकाम्या गाडीने घाट उतरताना, एकदाही नाही.

या तीन नोंदींवरून अर्धे निदान झाले. गाडी उभी असते तेव्हा समोरून वारा लागत नाही, म्हणून रेडिएटर थंड करण्याचे सगळे काम पंख्याला करावे लागते. पंखा बिघडला तर गाडी आधी सिग्नलला, गर्दीत तापते. उभी असताना ठीक आणि ओझे घेऊन चढावर तापते, याचा अर्थ पाणी पुरेसे फिरत नाही किंवा रेडिएटर पुरेसा थंड करत नाही. म्हणजे मोटरचे २,२०० रुपये उगाच गेले.

मेकॅनिकने इंजिन गरम करून बंद केले आणि रेडिएटरवर हात फिरवला. वरचा भाग चटका देणारा, खालचा बराचसा थंड. गरम पाणी तिथवर पोचतच नव्हते. रेडिएटर उतरवला तेव्हा आतून गंजाचा लाल गाळ निघाला आणि त्यात पिवळा चिखल. हळद! आधीच्या मालकाने वर्षानुवर्षे कूलंटऐवजी नळाचे साधे पाणी भरले आणि गळू लागल्यावर हळद टाकली. ही युक्ती आपल्याकडे जुनी आहे. बारीक भोक तिने बुजते, पण रेडिएटरच्या नळ्यांनाही भोकेच असतात, तीही बुजतात. नवा रेडिएटर घातला, जुने पाणी पूर्ण काढून नवे कूलंट भरले, अडकलेली हवा काढली. तापणे थांबले.

गॅस्केट उडाले होते हे खोटे नव्हे. पण तो परिणाम होता. इंजिनाचे हेड अॅल्युमिनियमचे असते, अति तापले की वाकते आणि गॅस्केट सोडते. कारण जागेवर ठेवून गॅस्केट बदलले, तर तेच काम पुन्हा निघणार.

म्हणून आमचे सांगणे असे की, तोच बिघाड तिसऱ्यांदा झाला की पार्ट आणण्याआधी मिस्त्रीला विचारावे, "दादा, हा पार्ट कशामुळे गेला?" उत्तर नसेल तर पैसे देऊ नयेत. "थर्मोस्टॅट काढून टाकू, गाडी थंड राहील" असे कोणी म्हटले तर मुळीच ऐकू नये. त्याने दुखणे झाकले जाते, इंजिन हवे तेवढे गरम होत नाही आणि पेट्रोल जास्त लागते. ऑइलची पट्टी काढून पाहावी. ऑइल दुधाळ दिसले किंवा इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येतच राहिला, तर पाणी इंजिनात जाते आहे असे समजून गाडी हलवू नये. थंडीत सकाळी थोडी वाफ येते, तिला घाबरू नये.

आणि घरातल्या पोरांना बजावून ठेवा. तापलेल्या गाडीच्या रेडिएटरचे झाकण उघडायचे नाही. आतले पाणी दाबाखाली असते, १०० अंशांच्या वर गेलेले असते, झाकण फिरताच तोंडावर उसळते. गार पाणीही ओतायचे नाही, हेडला चीर जाते. बाजूला घ्या, इंजिन बंद करा, अर्धा-पाऊण तास थांबा. डबे थंड होतील, होऊ द्या.

गाडी विकावी की दुरुस्त करावी? आजवर किती घातले, हा आकडा येथे धरू नये. ते पैसे गेले. पुढे किती लागणार आणि दुरुस्त झालेली गाडी वर्षभरात किती कमावून देणार, एवढेच पाहावे. खासगी गाडीला १५ वर्षे होत आली असतील तर नोंदणीच्या नूतनीकरणाचा खर्चही धरा. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी ही फी ६०० वरून ५,००० रुपये झाली.

या जोडप्याला मोटरचे पैसे परत मागता आले असते, पण पहिल्या गॅरेजचे एकही बिल नव्हते. "बिल घेतलं तर जीएसटी लागेल" हे वाक्य सगळ्यांनी ऐकलेले आहे. तरी बिल घ्यावे, त्यावर गाडीचा नंबर, किलोमीटर आणि बदललेला पार्ट लिहून घ्यावा, जुना पार्टही मागून आणावा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वतःच्या उपजीविकेसाठी घेतलेली वस्तू व्यापारी कारणाची धरत नाहीत, म्हणून डबेवालीही ग्राहक ठरू शकते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला जिल्हा आयोगात फी नाही, वकील लावलाच पाहिजे असे नाही, मुदत २ वर्षे. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करून पाहावा. गाडी एखाद्या खासगी माणसाकडून घेतली असेल तर त्याच्याविरुद्ध हा मार्ग सहसा चालत नाही. गॅरेज किंवा गाड्यांचा व्यापारी असेल तर चालतो.