लहान ट्रॅक्टरची लिफ्ट झटके देते? पंप बदलण्याआधी ऑइल, जाळी आणि अवजाराचे वजन तपासा

केंद्र सरकारने 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरील जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आणला. रोटाव्हेटर, नांगर अशा मशागतीच्या अवजारांवरही 12 ऐवजी 5 टक्के कर झाला. ट्रॅक्टरचे टायर, ट्यूब आणि हायड्रॉलिक पंप यांच्यावर पूर्वी 18 टक्के कर होता, तोही 5 टक्के झाला. करपूर्व किंमत 5 लाख रुपये असलेल्या ट्रॅक्टरवर आधी 60 हजार रुपये कर लागत असे, आता 25 हजार लागतो. म्हणजे 35 हजारांची बचत. द्राक्ष, डाळिंब, पेरू अशा बागांसाठी 18 ते 30 एचपीचा लहान ट्रॅक्टर घेऊ पाहणाऱ्यांना हा फरक मोठाच आहे.

कर कमी झाला ही चांगलीच गोष्ट आहे. पण या निर्णयातली एक विसंगती लहान ट्रॅक्टर वापरणाऱ्यांच्या खिशाला थेट लागते. हायड्रॉलिक पंपावर 5 टक्के कर, आणि तोच पंप ज्या ऑइलवर चालतो त्या ऑइलवर मात्र पूर्वीइतकाच 18 टक्के. आधीच आपल्याकडे ‘लिफ्ट झटके देते’ म्हटले की बऱ्याच गॅरेजमध्ये पहिले उत्तर ‘पंप गेला’ हेच असते. आता पंप स्वस्त झाला, त्यामुळे हे उत्तर आणखी सोपे होईल. माझे मत असे, की झटक्यांच्या तक्रारीत पंप हा शेवटी तपासायचा भाग आहे. ऑइल, सक्शनची जाळी, लिव्हरची सेटिंग आणि अवजाराचे वजन या चार गोष्टी पाहिल्याशिवाय पंप खोलूही देऊ नये. ऐन पेरणीत किंवा फवारणीत ट्रॅक्टर तीन-चार दिवस गॅरेजमध्ये अडकला, तर नुकसान पंपाच्या किमतीपुरते राहत नाही.

झटका कधी बसतो, ते आधी पाहा

‘झटके’ या एका शब्दात चार-पाच वेगवेगळे बिघाड लपलेले असतात. त्यामुळे झटका नेमका केव्हा बसतो, हे मेकॅनिकला सांगता आले तर निम्मे काम झाले.

पहिला प्रकार सर्वांत जास्त दिसतो. अवजार वर उचलून लिव्हर जागेवर ठेवला आहे, इंजिन चालू आहे, आणि लिफ्ट मान हलवल्यासारखी खाली-वर होते. याचे कारण समजायला सोपे आहे. लिफ्टच्या सिलिंडरमधील पिस्टनची सील किंवा ओ-रिंग झिजली, अथवा कंट्रोल व्हॉल्व्ह नीट बसत नसला, की दाबाखालचे ऑइल हळूहळू आत निसटते. लिफ्ट थोडी खाली येते. लिव्हर तर ‘वर’ आहे, म्हणून व्हॉल्व्ह पुन्हा उघडतो, पंप ऑइल पाठवतो आणि लिफ्ट पुन्हा वर जाते. हे चक्र चालूच राहते. म्हणजे इथे पंप आपले काम चोख करतो आहे, गळती दुसरीकडे आहे. खात्री करायची तर अवजार वर उचलून इंजिन बंद करावे आणि दूर उभे राहून पाहावे. अवजार काही मिनिटांतच खाली येऊ लागले तर आतली गळती नक्की. ऑइल गरम झाल्यावर पातळ होते, म्हणून ही तक्रार सकाळी कमी आणि दुपारी जास्त जाणवते.

दुसरा प्रकार याच्या उलट. सकाळी ट्रॅक्टर चालू केल्यावर लिफ्ट अडखळत, टप्प्याटप्प्याने वर जाते, सोबत पंपाचा कण्हल्यासारखा आवाज येतो आणि गरम झाल्यावर थोडा फरक पडतो. इथे पंपाला पुरेसे ऑइलच मिळत नाही. सक्शनची जाळी तुंबली आहे, पातळी कमी आहे, ऑइल चुकीचे म्हणजे जास्त जाड आहे, किंवा सक्शन पाइपच्या जोडातून हवा ओढली जाते आहे. अशा अवस्थेत नवा पंप बसवला तर तोही काही महिन्यांत त्याच रस्त्याने जातो.

तिसरा प्रकार फक्त अवजार खाली सोडताना होतो. ते धाडकन आपटते. सीटच्या पुढे-खाली असलेला लिफ्टचा वेग कमी-जास्त करणारा नॉब बऱ्याच वेळा पूर्ण उघडा असतो, एवढेच कारण निघते. नॉब थोडा आवळला की काम होते. त्यासाठी गॅरेजला जायची गरज नाही.

आणि जमिनीत काम करतानाच झटके बसत असतील, रस्त्यावर किंवा उभ्या ट्रॅक्टरवर नसतील, तर दोष बहुधा हायड्रॉलिकमध्ये नसतोच. त्याबद्दल पुढे.

ऑइलची गोष्ट

बहुतेक लहान ट्रॅक्टरमध्ये गिअर बॉक्स, लिफ्ट आणि ऑइलमधले ब्रेक यांना एकच ऑइल असते. त्यासाठी यूटीटीओ प्रकारचे ऑइल वापरायचे असते आणि त्याची ग्रेड मॅन्युअलमध्ये दिलेली असते. काही मॉडेलमध्ये लिफ्टची टाकी वेगळी असते, तेही मॅन्युअल उघडून पाहावे. पातळी कमी झाली म्हणून घरात असलेले इंजिन ऑइल किंवा दुकानातले सुटे 90 नंबरचे गिअर ऑइल ओतणे हा प्रकार अजून थांबलेला नाही. वाचतात काही शे रुपये, आणि सील, जाळी व ब्रेक तिन्हींवर परिणाम होतो.

डिपस्टिक काढून ऑइलचा रंग पाहायची सवय लावून घ्यावी. फेस दिसला तर हवा शिरते आहे. दुधाळ किंवा चहासारखा रंग दिसला तर पाणी मिसळले आहे. कोकणात भातखाचरात चिखलणी करणाऱ्या ट्रॅक्टरमध्ये हे नेहमी घडते. सप्टेंबर 2025 मध्ये मराठवाडा आणि सोलापूर भागात अतिवृष्टी व पूर आला. त्यात ज्यांचे ट्रॅक्टर मागच्या ॲक्सलपर्यंत पाण्यात उभे होते, त्यांनी ‘चालू झाला, म्हणजे ठीक आहे’ असे समजू नये. ब्रीदरमधून आणि सीलमधून पाणी आत गेलेले असू शकते. इंजिन ऑइल बदलले जाते, मागचे ऑइल तसेच राहते. मग पुढच्या हंगामात लिफ्ट अडखळते, आतले भाग गंजतात आणि तेव्हा खर्च मोठा होतो. असे ऑइल पूर्ण काढून, जाळी धुऊन, नवे भरावे. पाणी जास्त गेले असेल तर थोडे चालवून पुन्हा एकदा बदलावे लागते.

एका गोष्टीकडे फार कमी लोकांचे लक्ष जाते, ती म्हणजे हायड्रॉलिक ट्रॉली. ट्रॉली उलटवताना ट्रॅक्टरचे ऑइल ट्रॉलीच्या सिलिंडरमध्ये जाते आणि परत येते. गावात एकच ट्रॉली चार ट्रॅक्टरला जोडली जात असेल तर चौघांचे ऑइल एकमेकांत मिसळते, सोबत पाइपच्या तोंडाला लागलेली मातीही. शिवाय ट्रॉली उचललेली असताना ट्रॅक्टरमधली पातळी खाली जाते आणि पंप हवा ओढू शकतो. कपलरला टोपी लावणे आणि जोडण्याआधी ते पुसणे, एवढे तरी करावे.

ऑइल बदलल्यावर किंवा हवा शिरल्यावर ती काढण्यासाठी अवजार न लावता, कमी आरपीएमवर लिफ्ट दहा-बारा वेळा पूर्ण वर-खाली करावी. नंतर इंजिन बंद करून लिफ्ट खाली ठेवावी, थोडा वेळ थांबून पातळी पुन्हा पाहावी. ती बहुधा उतरलेली असते.

ड्राफ्ट आणि पोझिशन यांतला गोंधळ

ड्राफ्ट कंट्रोल ही कल्पना हॅरी फर्ग्युसन यांनी 1920 च्या दशकात आणली. नांगरावर ओढ वाढली की लिफ्ट आपोआप थोडी वर येते, ओढ कमी झाली की खाली जाते. नांगर आणि कल्टिव्हेटरसाठी हे उत्तम. पण रोटाव्हेटर, पेरणी यंत्र, फवारणी यंत्र यांना ओढीवर चालणारी लिफ्ट नको, ठरलेली उंची हवी. म्हणजे पोझिशन कंट्रोल. दोन लिव्हर असलेल्या ट्रॅक्टरवर ड्राफ्टचा लिव्हर अर्धवट जागी राहिला आणि रोटाव्हेटर चालवला, तर तो सारखा डुलत राहतो. पीटीओ शाफ्टच्या क्रॉसलाही त्याचा फटका बसतो. नांगरणीतही जमीन कडक आणि ढेकळांची असेल, तर जास्त संवेदनशील ठेवलेला ड्राफ्ट प्रत्येक ढेकळाला झटका देतो. बऱ्याच मॉडेलमध्ये टॉप लिंक ट्रॅक्टरकडच्या ब्रॅकेटला जोडायला दोन-तीन भोके असतात. भोक बदलले की संवेदनशीलता बदलते. कोणते भोक कशासाठी, हे मॅन्युअलमध्ये असते. अगदी लहान मॉडेलमध्ये ड्राफ्ट कंट्रोल नसतोही.

याच ठिकाणी पिना आणि साखळ्याही बघून घ्याव्यात. कॅटेगरी 1 ची लोअर लिंकची पिन 22 मिमीची, कॅटेगरी 2 ची 28 मिमीची असते. मोठ्या ट्रॅक्टरच्या अवजाराला जुळवताना 28 च्या भोकात बुश न घालता 22 ची पिन टाकली, तर वळताना आणि उचलताना जो ठोका बसतो तो हायड्रॉलिकचा नसतो. सैल साखळ्यांचेही तसेच.

अवजार मोठे, ट्रॅक्टर लहान

खरा प्रश्न मला इथे दिसतो. ट्रॅक्टर एचपी बघून घेतला जातो आणि अवजार रुंदी बघून. लिफ्टची क्षमता कोणी विचारत नाही. विचारली तरी जाहिरातीतला आकडा अनेकदा लोअर लिंकच्या टोकावरचा असतो. अवजाराचे वजन मात्र त्या टोकाच्या बरेच मागे असते.

एक हिशोब मांडतो. ट्रॅक्टर 900 किलोचा, त्यापैकी पुढच्या चाकांवर 350 किलो, आणि दोन्ही ॲक्सलमधले अंतर 1.5 मीटर आहे असे धरू. मागे 400 लिटरचा लिफ्टवर बसणारा फवारणी यंत्राचा टँक लावला. पाण्याचे 400 आणि टँक, पंप, सांगाडा यांचे 200, असे 600 किलो. हे वजन मागच्या ॲक्सलपासून 1 मीटर मागे असेल तर पुढच्या चाकांवरून 600 भागिले 1.5, म्हणजे 400 किलो भार कमी होतो. होते 350. पुढची चाके उचललीच. लिफ्टची क्षमता 750 किलो छापलेली असली तरी हा टँक त्या ट्रॅक्टरचा नाही. पुढच्या चाकांवर ट्रॅक्टरच्या वजनाच्या किमान 20 टक्के भार राहिला पाहिजे, नाहीतर स्टेअरिंग ऐकत नाही. अशा वेळी पुढे वजने लावून टँक लहान घ्यावा किंवा चाकांवर ओढायचे यंत्र घ्यावे.

अवजार जड असले की रिलीफ व्हॉल्व्ह मध्येच उघडतो आणि लिफ्ट अडखळते. त्यावर काही मेकॅनिक व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली वायसर टाकून दाब वाढवून देतात. लिफ्ट त्या दिवशी छान उचलते. नंतर सील फुटतात, पाइप जातो, कधी हाउसिंगला तडा जातो. हे कोणालाही करू देऊ नये.

मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरची चाचणी होते. तिच्या अहवालात उचलण्याची क्षमता लोअर लिंकच्या टोकावर आणि त्यामागे 610 मिमीवर, अशी दोन ठिकाणी दिलेली असते. उचललेला भार किती टिकतो, याचीही नोंद असते. खरेदीच्या वेळी विक्रेत्याकडे हा अहवाल मागावा आणि 610 मिमीचा आकडा पाहावा. महाडीबीटीवरून अवजाराला अनुदान घेणारा शेतकरी सल्ल्यासाठी आला, तर कृषी सहायकांनी एचपीबरोबर हा आकडा आणि अवजाराचे वजन शेजारी-शेजारी लिहून दाखवावे. पाच मिनिटांचे काम आहे.

पंप खरेच गेला असेल तर

तसेही होते. वरचे सगळे तपासून झाले, आणि रिकामी लिफ्टसुद्धा गरम झाल्यावर हळू उचलते, तर मेकॅनिकला प्रेशर गेज लावायला सांगावे. मॅन्युअलमध्ये दिलेला दाब गेजवर येत असेल तर पंप आणि रिलीफ व्हॉल्व्ह दाबाच्या बाबतीत ठीक आहेत, दोष पुढे कंट्रोल व्हॉल्व्ह किंवा सिलिंडरमध्ये शोधावा. दाब येत नसेल तर आधी रिलीफ व्हॉल्व्ह, मग पंप. गेज नसलेल्या गॅरेजमध्ये पंप बदलू नये. नवा पंप बसवताना जाळी आणि ऑइल दोन्ही बदलावे आणि बिलावर 5 टक्केच जीएसटी लावला आहे ना, हे बघावे.

तपासणी करताना लिफ्टच्या भरवशावर उचललेल्या अवजाराखाली हात किंवा डोके घालू नये. आधी खाली मजबूत लाकडी ठोकळे द्यावेत. पाइपची बारीक गळती बोटाने चाचपू नये, दाबाखालचे ऑइल कातडीत घुसते. पुठ्ठ्याचा तुकडा पाइपजवळ धरावा, गळती असेल तर त्यावर डाग उमटतो. ऑइल कातडीत गेल्याची शंका आली तरी जखम लहान दिसते म्हणून घरी थांबू नये, लगेच रुग्णालयात जावे.