शतकभराचा विद्यार्थी

स्टेफनी मायर या अमेरिकन लेखिकेची ‘ट्वायलाइट’ ही कादंबरी २००५ साली प्रसिद्ध झाली, पाठोपाठ तिचे आणखी तीन भाग आले, चित्रपट निघाले, आणि कुमारवयीन वाचकांनी तिला असे काही डोक्यावर घेतले की तिच्याविषयी प्रतिकूल शब्द काढणारा मनुष्य बेलाशक अरसिक ठरावा. तो ठपका पत्करूनही सांगतो, की या ग्रंथाने माझी घोर निराशा केली. फोर्क्स नावाच्या आडगावावरचे अष्टौप्रहर झाकोळलेले आभाळ आणि तेथे नव्याने आलेल्या सतरा वर्षांच्या बेला स्वानचे बुजरेपण लेखिकेने चांगले उतरवले आहे, हे कबूल. या कादंबरीतले रक्तपिशाच उन्हात जळून खाक न होता हिऱ्यासारखे लखलखते, म्हणून पुष्कळांनी तिची टर उडवली, तीही मला अन्यायाची वाटते. ब्रॅम स्टोकरचा ड्रॅक्युला १८९७ सालीच लंडनमध्ये दिवसाढवळ्या हिंडत होता.

माझी फिर्याद निराळी आहे. कथानायक एडवर्ड कलन १९०१ साली शिकागोत जन्मला आणि १९१८ च्या इन्फ्लुएंझात, म्हणजे ज्या साथीला आपल्याकडे मानमोडी म्हणत आणि जिने मुंबई इलाख्यातही हाहाकार उडवला त्याच साथीत, आईबाप गमावून स्वतः मृत्युशय्येवर पडला असता एका डॉक्टराने त्याला रक्तपिशाच करून राखले. एवढे पाहिलेला, शंभरी ओलांडलेला हा पुरुष जीवशास्त्राच्या वर्गात बेलाच्या शेजारी येऊन बसतो, तेव्हा त्या शतकाचा काही अंश त्याच्या बोलण्यात उतरावा ही अपेक्षा गैरवाजवी नव्हे. परंतु पियानो, चकचकीत मोटार आणि रेखीव चेहरा यांपलीकडे त्या दीर्घायुष्याची शिल्लक जवळजवळ शून्य. पूर्वी आपण माणसे मारल्याची कबुली तो देतो, पण ती माणसे स्वतःच खुनी होती, अशी तरतूद लेखिकेने आगाऊच करून ठेवली आहे. परवानगीवाचून रात्री मुलीच्या खोलीत शिरून तो तिला निजलेली पाहत बसतो, आणि हे कळल्यावर ती भिण्याऐवजी सुखावते! अमरत्वाचे, रक्ताच्या तृष्णेचे, एवढेच काय पण साध्या आगळिकीचेही मोल कोणी द्यायचे, हा प्रश्न उभा राहिला की लेखिका तेथून नजर वळवते.

शेवटी तर तिने कमालच केली आहे. आई एका रक्तपिशाच शत्रूच्या कैदेत आहे अशा समजुतीने बेला एकटीच फिनिक्समधल्या नृत्यशाळेत जाते, हा तिच्या ठायीचा खरा पराक्रम. पण तेथे जखमी होऊन तिची शुद्ध हरपते, शत्रूचा निकाल एडवर्डचे मानलेले भाऊ परस्पर लावतात, आणि निवेदन तिच्याच तोंडी असल्यामुळे वाचकालाही ती झुंज दिसत नाही. सुमारे पाचशे पाने ताटकळत ठेवलेल्या वाचकाला ऐन प्रसंगी बेशुद्ध करणे ही माझ्या मते शुद्ध फसवणूक आहे.