पेण-रोह्यात स्पार्क मशीन घ्यायचं? आधी काम कुठलं येणार ते बघा

28 ऑगस्ट 2024 ला केंद्रीय मंत्रिमंडळाने देशात 12 नवी औद्योगिक शहरं मंजूर केली. एकूण खर्च 28,602 कोटी रुपये, आणि यादीत आपल्या रायगडचं दिघी. तेव्हापासून पेण, वडखळ, नागोठणे, रोहा या पट्ट्यातली आयटीआय झालेली पोरं एकच प्रश्न विचारतात: "दादा, कंपन्या येणारच आहेत, तर लोन काढून सीएनसी ईडीएम टाकू का?"

मला विचाराल तर, आज नको. त्याच्याऐवजी काय, ते सांगतो. पण ज्यांना हे मशीन म्हणजे काय तेच माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं.

तुमच्या फोनचा चार्जर हातात घ्या. त्यावर जो बारीक खरखरीत मॅट फिनिश असतो, तो प्लास्टिकला नंतर दिलेला नसतो. तो स्टीलच्या मोल्डमध्येच असतो, आणि पुष्कळदा तो स्पार्क मशीनने आलेला असतो. पेणच्या माणसाला हे समजावणं सोपं आहे. गणपतीच्या कारखान्यात आधी मूळ मूर्ती असते, तिच्यावरून रबरी साचा निघतो. मूर्तीचा उंचवटा साच्यात खड्डा होतो. सिंकर ईडीएममध्ये तांब्याचा किंवा ग्राफाइटचा इलेक्ट्रोड म्हणजे ती मूर्ती, आणि कडक स्टीलचा ठोकळा म्हणजे साचा. दोन्ही तेलात बुडवलेले असतात, एकमेकांना टेकत नाहीत. मधल्या केसाएवढ्या फटीत सेकंदाला हजारो ठिणग्या पडतात आणि प्रत्येक ठिणगी स्टीलचा एक कण वितळवून उडवते. स्टील किती कडक आहे याचा इथे प्रश्नच येत नाही, त्यातून वीज गेली की बस्स. 1943 मध्ये रशियातल्या लाझारेंको दांपत्याने हे तंत्र उभं केलं. विजेच्या स्विचचे काँटॅक्ट ठिणग्यांनी झिजू नयेत म्हणून ते अभ्यास करत होते. झीज थांबली नाही, मग त्यांनी तिलाच कामाला लावलं.

वायरकट वेगळं, बरं का. तिथे तार आरपार कापते. तळ असलेला खड्डा करायचा असेल तर सिंकरच लागतो.

आता आपल्या पट्ट्याकडे या. डोलवीला जेएसडब्ल्यूचा 10 दशलक्ष टन क्षमतेचा स्टील प्रकल्प आहे. नागोठण्याला रिलायन्सच्या पेट्रोकेमिकल संकुलात प्लास्टिकचे दाणे तयार होतात. रोह्याला कुंडलिकेच्या काठी धाटाव एमआयडीसी, म्हणजे मुख्यतः केमिकल. यात गंमत अशी की स्टील इथलं, दाणा इथला, पण त्या दाण्याला आकार देणारे मोल्ड बहुतेक वसई, भिवंडी, पुणे-चाकणकडे बनतात. डोलवीच्या कॉइलमधून मोल्ड होत नाही. त्यासाठी लागणारं पी20 किंवा एच13 स्टील मुंबईच्या व्यापाऱ्याकडूनच आणावं लागतं. म्हणजे "इथे सगळं आहे" हे वाक्य कागदावर खरं आहे, शॉपमध्ये बसून बघितलं तर अर्धंच.

मग पेण-रोह्यात स्पार्किंगचं काम येतं कुठून? मेंटेनन्समधून. महागड्या जॉबमध्ये तुटलेला टॅप, आत अडकलेला बोल्ट, हार्ड केलेल्या शाफ्टमध्ये नव्याने करायचा की-वे, स्टेनलेसच्या भागात चौकोनी आंधळं भोक. या कामाला मिरर फिनिश लागत नाही, दहा इलेक्ट्रोड आपोआप बदलणारा एटीसीही लागत नाही. कंपनीला जॉब उद्या सकाळी हवा असतो, एवढंच.

म्हणून माझी पहिली पसंती झेडएनसी. यात फक्त खाली-वर जाणारा झेड अक्ष कंट्रोलरवर चालतो, एक्स आणि वाय हाताने लावायचे. सीएनसीत काय जास्त मिळतं तेही समजून घ्या. 20 मिमीचा खड्डा हवा आणि स्पार्कची फट बाजूला 0.1 मिमी असेल, तर इलेक्ट्रोड 19.8 मिमीचा करावा लागतो. रफिंगला फट मोठी, फिनिशिंगला छोटी, त्यामुळे झेडएनसीवर साधारणपणे दोन वेगळे इलेक्ट्रोड करावे लागतात. सीएनसी मशीन इलेक्ट्रोडला हलकंसं गोल फिरवून एकाच मापात दोन्ही कामं उरकतं. रोज मोल्ड करणाऱ्याला हा फायदा प्रचंड आहे. आठवड्याला चार टॅप काढणाऱ्याला नाही.

अँपिअरच्या आकड्यावर विक्रेते फार बोलतात. ढोबळ नियम असा की इलेक्ट्रोडच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरला जास्तीत जास्त 10 अँपिअर. 20 बाय 20 मिमीचा इलेक्ट्रोड म्हणजे 4 चौरस सेंटिमीटर, म्हणजे 40. यापेक्षा मोठा खड्डा तुमच्याकडे महिन्यातून एकदाही येणार नसेल, तर 50 अँपिअरच्या पुढचे पैसे टाकीच्या मापात घाला. पंपाचं केसिंग टाकीतच बसलं नाही तर अँपिअर काय चाटायचे?

न बसणाऱ्या जॉबसाठी पोर्टेबल स्पार्क मशीन येतं, फक्त तुटलेले टॅप-बोल्ट काढायला. स्वस्त आहे, गाडीत टाकून नेता येतं. पण एक गोष्ट ठणकावून सांगतो. धाटावच्या केमिकल प्लांटमध्ये उघड्यावर ठिणगी पाडणारं यंत्र हॉट वर्क परमिटशिवाय चालू करायचं नाही, सुपरवायझर "अरे पटकन कर" म्हणाला तरी नाही. शक्य तिथे जॉब सोडवून शॉपमध्येच आणायला लावा.

स्पार्किंगनंतर पृष्ठभागावर वितळून परत गोठलेला एक पातळ, ठिसूळ थर राहतो, त्यात सूक्ष्म चिरा असू शकतात. चार्जरच्या मोल्डला त्याने फारसं बिघडत नाही. प्रेशरखाली चालणाऱ्या भागाला बिघडतं. शेवटचा पास कमी करंटवर घ्या, नंतर पॉलिश करा, आणि गिऱ्हाइकाला हे आधी सांगा.

जुनं मशीन घ्यायला माझी हरकत नाही, पण व्हिडिओवर बघून घेऊ नका. स्वतःचा तांब्याचा इलेक्ट्रोड आणि स्टीलचा तुकडा घेऊन जा, समोर स्पार्क करायला लावा, खड्डा मोजा. झेडला डायल गेज लावून वर-खाली करा. तेलाची पातळी मुद्दाम कमी करा आणि मशीन स्वतःहून बंद पडतं का बघा. नाही पडलं तर तिथूनच परत फिरा. हे तेल पेटतं. आपोआप आग विझवणारी यंत्रणा नसलेलं मशीन रात्री एकटं सोडणं म्हणजे विषाची परीक्षा आहे.

आणि कोकण आहे हे विसरू नका. जून ते सप्टेंबर कंट्रोल पॅनेलमध्ये दमट हवा शिरणार, लाइट जाणार. लाइट गेल्यावर इलेक्ट्रोड जागच्या जागी थांबतो का, परत आल्यावर त्याच खोलीपासून काम सुरू होतं का, हे विचारा. चांगलं अर्थिंग आणि स्टॅबिलायझर कोटेशनमध्येच धरा. स्पेअर बोर्ड कुठून येणार, हाही प्रश्न आहे. पुण्याची इलेक्ट्रॉनिका ही ईडीएम बनवणारी आपली जुनी कंपनी, पण पुण्याहून माणगावला उतरणारा ताम्हिणी घाट जुलैत दरडीने बंद झाला तर इंजिनिअरही अडकतो. मुंबईकडून यायचं तर 2011 पासून रुंदीकरण चाललेला आपला लाडका महामार्ग आहेच. म्हणून मशीनच्या ब्रँडपेक्षा "माणूस रोह्यात किती तासांत येईल" याचं लेखी उत्तर मला महत्त्वाचं वाटतं. ब्रँडचं म्हणाल तर स्वित्झर्लंडच्या जीएफने आपला मशीन विभागच 2025 मध्ये युनायटेड ग्राइंडिंगला विकला. मोठ्या नावांचे मालकही बदलतात.

आता पैसे. समजा 15 लाखांचं कर्ज, 11 टक्के, 5 वर्षं. हप्ता साधारण 32,600 रुपये. समजा स्पार्किंगचे तासाला 300 मिळतात. नुसत्या हप्त्यासाठी महिन्याला 109 तास ठिणगी पडायला हवी, म्हणजे 25 दिवस रोज साडेचार तास. वीज, तेल, फिल्टर, तांबं आणि तुमचा पगार अजून बाकीच. शिवाय इलेक्ट्रोड बनवायला मिलिंग मशीन लागतं. ते नसेल तर अर्धा नफा शेजारच्या मिलिंगवाल्याचा. तुमच्याकडे आज 40 तासांचंही काम नसेल, तर सहा महिने ऑर्डर घ्या, स्पार्किंग बाहेरून करून आणा, आणि वहीत तास लिहा.

कर्ज घ्यायचंच तर पीएमईजीपीसारखी योजना आत्ता अर्ज घेते आहे का हे अलिबागच्या जिल्हा उद्योग केंद्रात विचारा. उत्पादनासाठी मर्यादा 50 लाख, ग्रामीण भागात अनुदान सर्वसाधारण गटाला 25 आणि विशेष गटाला 35 टक्के. पण ते पैसे 3 वर्षं बँकेत अडकलेले असतात, हातात येत नाहीत. उद्यम नोंदणीही करून ठेवा. 2006 च्या एमएसएमई कायद्यानुसार लेखी करार असला तरी सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे 45 दिवसांच्या आत द्यावे लागतात.

दिघीचं काय? मंजुरी खरी आहे, रस्ते-पाणी-प्लॉट व्हायला वेळ लागतो हेही खरं. बल्क ड्रग पार्कसाठी रोहा-मुरूडचं नाव किती गाजलं होतं. 2022 मध्ये केंद्राने गुजरात, हिमाचल आणि आंध्रला पार्क दिले. हप्ता मात्र पुढच्याच महिन्यापासून सुरू होतो.

चिनी किंवा तैवानी मशीन बघत असाल तर अजून एक. केंद्राने ऑगस्ट 2024 मध्ये यंत्रांच्या सुरक्षेचा आदेश काढला, त्यात मशीन टूल्सही आहेत, आणि आयात मालालाही बीआयएसचं प्रमाणपत्र लागेल असं ठरलं. अंमलबजावणी 2025 वरून 1 सप्टेंबर 2026 पर्यंत पुढे ढकलली गेली. असे आदेश बदलत राहतात, म्हणून अ‍ॅडव्हान्स देण्याआधी डीलरकडून कोटेशनवर दोन ओळी लिहून घ्या: मशीनचा एचएसएन कोड, आणि डिलिव्हरीच्या दिवशी लागू असलेलं प्रमाणपत्र देण्याची जबाबदारी कोणाची.