धुणाऱ्याचं धुणं

गाडी रस्त्यावर खराब होते, असं आपण धरून चालतो. पण रंगावरचे बहुतेक बारीक ओरखडे पडतात ते पार्किंगमध्ये, गाडी धुताना आणि पुसताना. गडद रंगाची, काही वर्षं वापरलेली कोणतीही गाडी भर उन्हात उभी करा आणि बॉनेटवर सूर्य जिथे चमकतो तिथे नीट बघा. त्या चमकेभोवती बारीक रेघांची गोल गोल वेटोळी दिसतील. डिटेलिंगच्या धंद्यातली माणसं त्यांना ‘स्वर्ल’ म्हणतात. ही वेटोळी खड्ड्यांनी किंवा झाडांच्या फांद्यांनी काढलेली नसतात. ती काढलेली असतात फडक्यात अडकलेल्या कणांनी.

यामागचा हिशेब सरळ आहे. गाडीच्या रंगावर सर्वांत वर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर असतो. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी. आणि त्याच्याशी गाठ पडते आपल्याकडच्या धुळीची: बांधकामावरची वाळू, क्रशरमधून उडालेली काळ्या पाषाणाची भुकटी, गारगोटीचे कण. मोह्सच्या काठिण्यश्रेणीत गारगोटीचा, म्हणजे क्वार्ट्झचा अंक ७, काचेच्याही वरचा. असा एक कण ओल्या फडक्याखाली सापडला की हात फिरेल तशी रेघ उमटत जाते. पुढे पॉलिश मारून रेघा घालवता येतात, पण त्यासाठी रेघेच्या खोलीपर्यंत आजूबाजूचा क्लिअर कोट झिजवावा लागतो. आणि झिजलेला क्लिअर कोट काही परत येत नाही.

म्हणून लोकरीचा वॉश मिट, म्हणजे गाडी धुवायचा तो गुबगुबीत हातमोजा, मला फार मोलाचा वाटतो. त्याचे केस लांब असतात. गाडीवरून हात फिरताना सुटलेला कण रंगावर घासला जाण्याऐवजी केसांच्या आत, मुळाकडे सरकतो. लोकर पाणीही भरपूर धरते, त्यामुळे हात आणि रंग यांच्यामध्ये साबणाच्या पाण्याचा थर टिकून राहतो. सपाट फडक्याला हे जमत नाही. पण मिटचा हा गुणच त्याचा धोकाही आहे. त्यानं पोटात घेतलेली माती तिथेच राहिली, तर पुढच्या वेळी आपण मातीनं भरलेला हात गाडीवर फिरवतो. मिट मऊ असून भागत नाही, तो आतून स्वच्छ असावा लागतो.

त्यासाठी आधी लोकर ओळखायला हवी. लोकर म्हणजे केरॅटिन, आपल्या केसांत आणि नखांत असतं तेच प्रथिन. मेरिनो मेंढीच्या लोकरीचा तंतू २० मायक्रॉनच्या आसपास असतो आणि त्याच्यावर माशाच्या अंगावर असतात तसे सूक्ष्म खवले असतात. सगळ्या खवल्यांची तोंडं टोकाच्या दिशेनं. ओल्या, गरम, साबणाच्या पाण्यात लोकर चोळली की हे तंतू एकाच दिशेनं सरकतात, एकमेकांत अडकतात आणि मागे फिरत नाहीत. लोकर आक्रसते, घट्ट होते, तिचा नमदा बनतो. कोल्हापूरकडे लोकरीचं जेन करणारे कारागीर हेच मुद्दाम करतात. लोकर भिजवून, दाबून, घोळसून ती एकजीव करणं हे त्यांचं कसब आहे, आणि त्यातून वर्षानुवर्षं टिकणारं अंथरूण तयार होतं. तीच क्रिया मिटमध्ये घडली की मिट संपला. केस मोकळे उरले नाहीत तर मातीला आत शिरायला जागा उरत नाही, आणि मग ती रंगावरच घासली जाते.

म्हणजे मिट धुताना चार गोष्टी टाळायच्या: गरम पाणी, जोराचं चोळणं, कपड्यांची पावडर आणि ब्लीच. कपड्यांच्या पावडरीत धुण्याचा सोडा असतो, त्यामुळे तिचं पाणी चांगलंच अल्कलीयुक्त होतं आणि अल्कली लोकरीला खाते. ज्या पावडरीत प्रथिनांचे डाग काढणारी विकरं असतात, ती तर लोकरीलाही प्रथिनच समजतात. ब्लीचमध्ये लोकर अक्षरशः विरघळते. फॅब्रिक सॉफ्टनरही नको, त्याचा थर केसांवर बसून राहतो. साबणाची वडीसुद्धा टाळावी. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा चिकट साका होतो, तो लोकरीच्या मुळाशी बसतो आणि तिथे माती धरून ठेवतो.

मग धुवायचं कशानं? गाडीचा चांगला शाम्पू सौम्य असतो, तोच चालतो. लोकरीच्या कपड्यांसाठी मिळणारा द्रव साबण त्याहून बरा. आणि घरात रिठे असतील तर प्रश्नच मिटला. शालू, पैठणी, गरम शाली आपल्या घरांत रिठ्याच्या पाण्यातच धुतल्या जात, कारण रेशीम आणि लोकर दोन्हीही प्रथिनंच आणि रिठ्याचा फेस दोघांनाही मानवतो. रिठे रात्रभर भिजवावेत, सकाळी कुस्करून पाणी गाळून घ्यावं. गाळायला मात्र विसरू नये. सालीचे तुकडे लोकरीत अडकले की वेचत बसावं लागतं.

धुण्याची रीत अशी. गाडी धुऊन झाली की मिट लगेच धुवायचा. चिखल वाळला की तो केसांना घट्ट धरतो. नळ बारीक सोडायचा, पाणी गार किंवा जेमतेम कोमट, ३० अंशांच्या वर नाही. मिट हातात घालून हात नळाखाली धरायचा, लोकरीची टोकं जमिनीकडे. दुसऱ्या हाताच्या बोटांनी केस फाकवत जायचं, डोक्यात भांग पाडतो तसं, मुळापर्यंत. इथे घाई करायची नाही. वरून पांढराशुभ्र दिसणाऱ्या मिटमधून या क्षणी चहाच्या रंगाचं पाणी येतं. पांढऱ्या बेसिनवर धुतलं तर निथळलेल्या पाण्याखाली काळी रेती बसलेली दिसते. त्यातला कण चिमटीत घेऊन बोटांवर चोळून पाहावा. नखालाही जाणवते अशी त्याची धार असते.

नंतर बादलीत द्रव साबणाचं पाणी करून मिट त्यात वर-खाली बुचकळायचा, हलक्या हातानं दाबायचा, सोडायचा. चोळायचं नाही, ब्रश लावायचा नाही. स्वच्छ पाण्यातून दोन-तीनदा काढायचा. साबणाचं पाणी कोमट असेल तर विसळायचं पाणीही कोमटच हवं, एकदम गरमातून गारात नको. शेवटच्या पाण्यात चमचाभर पांढरा व्हिनेगर टाकला तर राहिलेली अल्कली निघून जाते. लोकर किंचित आंबट पाण्यात सर्वांत सुखी असते.

पिळायचं मात्र अजिबात नाही. ओली लोकर कोरडीपेक्षा कमकुवत असते. मिट जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचा, टॉवेल पाणी ओढून घेतो. मग सावलीत, वाऱ्याला, आतून हवा खेळेल असा वाळवायचा. कडक उन्हात लोकर पिवळी पडते. ड्रायर आणि गिझरच्या पाइपाची ऊब दोन्ही वर्ज्य.

बाजारात दोन जातीचे मिट मिळतात आणि त्यांचा स्वभाव वेगळा आहे. एकात लोकर विणलेल्या कापडावर बसवलेली असते, त्याला पाणी फारसं बाधत नाही. दुसरा खऱ्या मेंढीच्या कातड्याचा, लोकर कातड्यालाच उगवलेली. हा जास्त दाट आणि जास्त नाजूक. त्याचं कातडं तासन्‌तास भिजत ठेवू नये. वाळताना ते आखडतं आणि पत्र्यासारखं ताठ होतं, म्हणून अर्धवट ओलं असताना चारही बाजूंनी हलकेच ताणावं, पूर्ण वाळल्यावर तळहातांमध्ये मळून सैल करावं. दोन्ही प्रकारांत शेवटचं काम एकच: लोकर कोरडी झाली की रुंद दातांच्या फणीनं, टोकाकडून सुरुवात करून मुळाकडे जात, गुंता सोडवायचा. फणी अडली तर ओढू नये, बोटांनी गाठ सोडवावी.

पावसाळ्यात काळजी दुप्पट. कोकणात आणि गोव्यात जून ते सप्टेंबर हवेतच इतका ओलावा असतो की कातड्याच्या मिटला दोन दिवसांत बुरशीचा वास येतो. तिथे पंख्याखाली वाळवावा. डिकीत ओला मिट प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबणं म्हणजे बुरशीची शेती. नीट वाळलेला मिटसुद्धा प्लॅस्टिकमध्ये नको, सुती पिशवीत ठेवावा. आणि लोकर म्हटली की कसर आली. तिच्या अळीचं अन्न केरॅटिन, त्यातही घाम आणि मळ लागलेलं तिला अधिक आवडतं. धुऊन, वाळवून ठेवलेला मिट हाच कसरीवरचा पहिला उपाय. सोबत कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवावा.

वापरातली शिस्तही या निगेचाच भाग आहे. आधी गाडीवर नुसतं पाणी टाकून सुटी धूळ जाऊ द्यायची. बादल्या दोन हव्यात: एकीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी. एक पत्रा धुतला की मिट साध्या पाण्यात बुचकळून झटकायचा, मगच शाम्पूत. चाकांना हा मिट लावायचाच नाही. तिथे ब्रेकमधून झिजलेल्या लोखंडाची भुकटी असते. मिट जमिनीवर पडला तर तो त्या दिवसापुरता बाद.

दोन बादल्यांची ही पद्धत आपल्यासाठी पाण्याच्या हिशेबानंही बरोबर आहे. होजपाइप मिनिटा-दोन मिनिटांत बादलीभर पाणी ओतून मोकळा होतो. मार्च २०२४ मध्ये बंगळूरच्या पाणीपुरवठा मंडळानं पिण्याच्या पाण्यानं गाड्या धुण्यावर बंदी घातली आणि ५,००० रुपये दंड ठेवला. टँकरवर जगणाऱ्या आपल्याकडच्या सोसायट्यांना हे सांगायला नको. बादलीत गाडी धुवायची तर पाणी धरून ठेवणारं, माती पोटात घेणारं साधन हवं, आणि ते साधन दर वेळी स्वच्छ हवं. मिट धुवायलाही पाणी लागतं. पण ते बादली-दीड बादली, आणि ते कुंड्यांना घालता येतं.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. शहरात बहुतेकांच्या गाड्या धुणारा माणूस दुसराच असतो. पहाटे येतो, माणसं कामावर निघायच्या आत रांगेतल्या सगळ्या गाड्या उरकायच्या, हातात एक बादली आणि एक फडकं. पहिल्या गाडीची रेती शेवटच्या गाडीवर जाते. मग कोणी ओरखडे दाखवून त्याच्यावर डाफरतं. हे मला बघवत नाही. मिळणाऱ्या पैशांत तो स्वतः चांगला मिट विकत घेणार नाही, आणि घ्यावा अशी अपेक्षाही चूक आहे. दसऱ्याला आपण गाडीला झेंडूचा हार घालतो, खंडेनवमीला कारागीर आपापली अवजारं पुजतात. गाडी धुणाऱ्याचं अवजार मात्र फुटक्या बादलीच्या काठावर वाळत असतं.

ही जबाबदारी गाडीच्या मालकाची आहे. दोन मिट घ्यावेत, ते आपल्या गाडीपुरतेच ठेवावेत, जास्तीची एक बादली द्यावी. वापरलेला मिट आपण घरी धुवावा, दुसऱ्या दिवशी धुतलेला त्याच्या हाती द्यावा. आणि दोन बादल्यांमुळे त्याचा वेळ वाढतो, तर त्याचे पैसेही वाढवावेत. विमा, सर्व्हिसिंग आणि पार्किंगवर आपण बिनतक्रार खर्च करतोच. येत्या रविवारी गाडीला हात लावण्याआधी मिटचे केस बोटांनी फाकवून बघा. मुळाशी खरखर लागली तर गाडी एक दिवस धुळीत राहू द्या. तिला त्यानं काहीही होत नाही. आधी मिट धुवा.